बाजेखालची शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता दमले आहे. पत्रा तीन ठिकाणी फाटला आहे. एका पायाखाली विटेचा तुकडा लागतो.

धुळ्याकडच्या एका लोहाराने मला घडवलं आणि धुरपदाबाईंनी सामानात बांधून सुरतेला आणलं. लिंबायतच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं लूमवर काम करणाऱ्या खानदेशी लोकांची. कुणी बाळंत झालं की धुरपदाबाई तिला रोज तासभर तेल लावायला जात आणि मी निखारे घेऊन बाजेखाली बसे. वर ओवा-शेपा पडला की खोली धुराने भरायची. माझ्याशिवाय बाळंतपण होत नाही, असं बायका म्हणत आणि मी फुगून जाई.

मग गल्लीतल्याच चंचलला मुलगा झाला. आरोग्य केंद्रातल्या वंदनाताईंनी ती एवढीशी बंद खोली पाहिली आणि सांगितलं, "शेगडी नको. धूर बाळाला बाधतो." त्यांचं बरोबरच होतं. मी किती बाळांना खोकायला लावलं, ते मला ठाऊक आहे.

मला तिथेच कोपऱ्यात सरकवलं. "शेकच नही तं मी येईसन काय करू?" म्हणत धुरपदाबाईही घरी बसल्या. चूक झाली ती इथे. तो रोजचा तास फक्त शेकण्यासाठी असतो, असं सगळ्यांनाच वाटलं.

चंचल हळूहळू गप्प झाली. बाळ रडायचं आणि ती भिंतीकडे बघत राहायची. तिच्या सासूबाईंनी, म्हणजे उषाबाईंनी, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. वंदनाताई कागद घेऊन आल्या. मन लागतं का, झोप येते का, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. चंचल प्रत्येक वेळी "बरं आहे" म्हणाली. मला फार वाईट वाटलं. शेगडीने कुणाला काय सांगावं?

पण वंदनाताईंना ते 'बरं' पटलं नाही. त्यांनी धुरपदाबाईंना बोलावून आणलं, दार-खिडकी उघडी ठेवली आणि उषाबाईंना बाळ घेऊन शेजारी बसायला सांगितलं. विस्तव नव्हता. माझ्यावर नुसती तेलाची वाटी होती.

तळपाय चोळून घेताना चंचल एकदम म्हणाली, "माय, हाऊ पोऱ्या माले मना वाटस नही."

पोटचं पोर तिला आपलं वाटत नव्हतं. धुरपदाबाईंचे हात थांबले. मला वाटलं, आता रागावतील. त्या म्हणाल्या, "मनं बी आसंच व्हयेल व्हतं. कोनलेच सांगं नही मी."

दोघी खूप रडल्या. मग वंदनाताईंनी चंचलला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. औषध चालू आहे, धुरपदाबाईही रोज येतात. चंचल अजून पूर्ण बरी नाही, पण काल तिने बाळाला आपणहून उचललं.

मित्रांनो, मला पुन्हा पेटवू नका. मला आता पडून राहू द्या. पण घरात बाळ आलं की सगळे बाळाभोवती जमतात, तेव्हा एकाने तरी आईजवळ बसा. तिने सांगावं म्हणून घाई करू नका. चंचलला तेवीस दिवस लागले. धुरपदाबाईंना चाळीस वर्षं लागली.