ज्ञानूची आई आणि चावडीची दौत

मित्रांनो, मी एक जुनी पितळी दौत आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यामागे, पोटात शाईऐवजी धूळ घेऊन बसलेली, ती मीच. परवा तुमच्यातल्याच एकाने मला उचलून विचारलं, "ही पणती आहे का रे?" राग आला मला. पण बोलते कोणाला!

कराडच्या एका ओताऱ्याने मला ओतलं आणि कानशीने घासघासून गुळगुळीत केलं. तिथून मी कडेगावच्या बाजूच्या एका गावात, चावडीवर आले. सकाळी कोतवाल माझं तोंड पुसायचा, शाईची पूड पाण्यात कालवून माझ्यात ओतायचा. मग तलाठी भाऊसाहेब टाक बुडवून लिहायला बसायचे. "ही दौत कधी डाग पाडत नाही," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, आणि मी दिवसभर फुगून बसायचे. पंचनामे, जन्म, मयत, सगळं माझ्याच शाईने लिहिलं जायचं.

मतदारांची यादीही माझ्याच शाईची. पण ती केवढीशी! ज्याला जमीन, जो शेतसारा भरतो, त्याचंच नाव तिच्यात. गाव करी ते राव न करी असं लोक म्हणायचे खरे, पण विचारायचं मात्र रावालाच. गावातल्या बाकीच्या माणसांची नावं कधी लिहायला मिळतील, अशी मला फार ओढ लागायची.

बेचाळीस साल आलं. तालुक्याच्या कचेरीवर तिरंगा लावायला मोर्चा निघाला. आमच्या गावचा ज्ञानू त्यात सर्वांत पुढे होता. एकोणीस वर्षांचा, केस सदा विस्कटलेले, हसला की डोळे मिटायचे. त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी मयताच्या वहीत त्याचं नाव भाऊसाहेबांनी लिहिलं. त्या दिवशी माझ्याकडून पहिल्यांदा डाग पडला.

ज्ञानूचा बाप आधीच गेलेला. घरात आता एकटी त्याची आई राहिली. शेंगा फोडायला, रानातलं तण भांगलायला जायची, कोणाशी फारसं बोलायची नाही. सगळं गाव तिला ज्ञानूची आई म्हणूनच हाक मारायचं, आणि त्या हाकेला मात्र ती लगेच ओ द्यायची.

स्वराज्य आलं. पुढच्या वर्षी हुकूम आला की एकवीस वर्षं भरलेल्या प्रत्येकाचं नाव यादीत घाला. जमीन असो नसो, बाई असो की बाप्या. काय सांगू, मित्रांनो, मला आभाळ ठेंगणं झालं! भाऊसाहेब मला घेऊन दारोदार फिरले. ज्ञानूच्या आईच्या ओट्यावर मला ठेवून त्यांनी विचारलं, "मावशी, नाव सांगा."

"ज्ञानूची आई."

तेव्हा बायका असंच सांगायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नव्हती, आणि स्वतःचं तर कोणी विचारलेलंच नसायचं. भाऊसाहेबांनी तसंच लिहिलं. ती वाकून बघत राहिली.

"ह्यात ज्ञानू कुटं हाय?"

भाऊसाहेबांनी अक्षरांवर बोट दाखवलं. तिने तिथे हळूच हात लावला. शाई ओली होती, बोटाला लागली. तिने ती पुसली नाही.

दोन महिन्यांनी वरून कागद आला. अमक्याची आई, तमक्याची बायको असलं चालणार नाही. स्वतःचं नाव सांगा, नाहीतर ओळ खोडली जाईल. मुदत आठ दिवस. दवंडी पिटली. मनुबाई आली, सुलाबाई आली, बायका लाजत, पदराआड हसत नावं सांगून गेल्या. ज्ञानूची आई आली ती भांडायलाच.

"लिवलंय ते खोडायचं न्हाई, भाऊसाब."

"अहो मावशी, यादी जिवंत माणसांची असते. तुमचं नाव हवं."

"माजं नाव काय करायचंय? माजा ज्ञानू आनिक कुटं ऱ्हायलाय? त्या मयताच्या वहीत? मला न्हाई बगायचा त्यो तितं."

ती तरातरा निघून गेली. मी शाईने काठोकाठ भरलेली, आणि एक नाव लिहिता येईना. सात दिवस मी चावडीच्या दाराकडे बघत होते.

आठव्या दिवशी उन्हं कलताना ती आली. यादीसमोर बसली.

"माजं पोरगं गेलं ते मी घरात बसून ऱ्हावं म्हून न्हाई गेलं," ती म्हणाली. "खोडा ते. लिवा, हरणाबाई."

भाऊसाहेबांनी टाक माझ्यात बुडवला. 'ज्ञानूची आई' या शब्दांवरून एक रेघ ओढली आणि शेजारी नवं नाव लिहिलं. तिने ते मन लावून पाहिलं. मग हलकेच विचारलं, "त्याचं बी लागलं असतं न्हवं आता? पंचवीस वर्सांचा झाला असता."

"व्हय, मावशी," भाऊसाहेब गावाच्याच बोलीत म्हणाले. "लागलं असतं."

ती पदराने डोळे टिपून घरी गेली. माझ्यात अजून शाई होती. मला ते दुसरं नाव लिहायची इतकी ओढ लागली होती, इतकी, की काय सांगू!

पुढे शाईची पेनं आली आणि मी चावडीवरून शाळेच्या अडगळीत आले. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. मतदानाच्या दिवशी सुट्टी मिळाली म्हणून ताणून देणाऱ्या लोकांबद्दल मी या कपाटातून ऐकते. गावची सभा भरली की "आपल्याला काय करायचंय" म्हणून पारावर पत्ते कुटणाऱ्यांबद्दल ऐकते. मग मला ज्ञानू आठवतो.

मित्रांनो, जन्माच्या वहीत तुमचं नाव आईबापांनी घातलं. मयताच्या वहीत दुसरं कोणीतरी घालेल. मधल्या यादीत मात्र ज्याचं त्यानेच, आपल्या पायाने जाऊन घालायचं असतं. वय भरलं की जा. नाव सांगा, मत द्या, गावच्या सभेत उभं राहून चार प्रश्न विचारा. ज्ञानूचं नाव आता कोणालाच लिहिता येणार नाही. तुमचं येईल.