एकवीसनंतर तेरा

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, उलटे आकडे मोजणारं एक घड्याळ आहे. ते एकवीस दाखवतं आणि लगेच तेरा. मधले सात आकडे येतच नाहीत. पाहणाऱ्याचे डोळे त्या वेळी वर, उत्तर देणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर असतात, म्हणून घड्याळाकडे कोणाचं लक्ष जात नाही. ती बाई म्हणजे संजीवनी स्वतः. स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहवेना, म्हणूनच तिची नजर कोपऱ्यात गेली होती. तिनं ती चित्रफीत थांबवत थांबवत दहा वेळा पाहिली. दहाही वेळा एकवीसनंतर तेराच आले.

याला बारा वर्षं झाली. ‘अर्धं मिनिट’ नावाच्या प्रश्नमंजूषेत तिची निवड झाली, तेव्हा मेहकरहून मुंबईला ती आणि तिचा नवरा राजकुमार असे दोघंच गेले. तीस सेकंदांत उत्तर द्यायचं, नाहीतर बाहेर, एवढा साधा खेळ. गाडीत ती शाळेत बोलते तसं पुस्तकी बोलण्याची मनात तयारी करत होती. पण मेकअपच्या खोलीत एक मुलगा येऊन म्हणाला, “मॅडम, तुमच्याकडचं बोला ना. प्रेक्षकांना गोड वाटतं.” ती बोलली. ही तिची एकच चूक, आणि ती तिनं कधी नाकारली नाही.

पाचवा प्रश्न आला: लोणार सरोवराचं पाणी कसं आहे? पर्याय होते गोडं, खारट, अल्कधर्मी, आम्लधर्मी. संजीवनीला मनातल्या मनात हसू आलं. एम.एस्सी.ला तिनं त्याच पाण्याचा अभ्यास केला होता. वर्षभर दर महिन्याला त्या विवरात उतरून बाटल्या भरून आणल्या होत्या, सामू, म्हणजे पीएच, मोजला होता, क्षार मोजले होते. सामू साडेदहाच्या आगेमागे, आणि मीठही भरपूर. ती थोडं थांबली आणि म्हणाली, “दोन्ही बरोबर आहेत. लोणारचं पाणी खारट बी आहे अन् अल्कधर्मी बी. यातलं तुमाले कोनतं पाह्यजे, ते मले माहीत नाही.”

टीव्हीवर आलं ते एवढंच: “मले माहीत नाही.”

त्यावर सूत्रसंचालक प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, “लोणार बुलडाणा जिल्ह्यात, बाई बुलडाणा जिल्ह्याच्या, बाई विज्ञानाच्या, आणि बाई म्हणतात, मले माहीत नाही!” सगळा स्टुडिओ हसला. दुसऱ्या रांगेत बसलेला राजकुमारही हसला. तेव्हा तिला वाटलं, बिचारा गोंधळून हसला असेल.

महिनाभरात ते तीन शब्द मेहकरभर झाले. एसटीत कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून तेच म्हणायचं, लग्नात वाढप्यानं पंगतीत तेच म्हणायचं. सातवीच्या वर्गात तिनं प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून तिच्याच आवाजात उत्तर यायचं, कारण ते वाक्य रिंगटोन होऊन फोनाफोनात शिरलं होतं. ते फोनात भरून देत होता राजकुमारच. बसस्टँडसमोर त्याचं मोबाइलचं दुकान होतं. आधी त्यावर त्याच्या वडिलांचं नाव होतं. दिवाळीला नवी पाटी आली, पिवळ्यावर लाल अक्षरांत: ‘मले माहीत नाही मोबाइल शॉपी’.

“गंमत आहे वं,” तो म्हणाला होता. “लोकं हासतेत, अन् दुकानात येतेत. तू काऊन मनाले लावून घेतं?”

तिनं त्याला त्या दिवसाची आठवण करून दिली नाही. त्यामागे तिचा एक हिशेब होता, आणि तो तिच्या शिक्षणातून आलेला होता. जे स्वतः पाहिलं-ऐकलं ते साक्षीदारानं आपणहून सांगायला हवं. आपण विचारून वदवून घेतलं तर त्याची किंमत जाते. त्या दिवशी तिच्या ओळखीचा एकच माणूस स्टुडिओत होता. तो एक दिवस चारचौघांत म्हणेल, अरे, ती असं म्हणालीच नव्हती. यासाठी ती थांबली. एक वर्ष, दोन वर्षं. मग राग थंड होत गेला, पण कमी झाला नाही. भांड्याच्या तळाशी क्षार धरतो तसा धरून बसला.

पत्र मात्र तिनं वाहिनीला तेव्हाच पाठवलं होतं, रजिस्टर पोस्टानं, लोणारच्या नोंदींचा तक्ता जोडून. पोच मिळाली, उत्तर नाही. पुढच्या हंगामात खेळाचा नियम तेवढा बदलला. प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं आहेत असं वाटलं तर स्पर्धकानं पिवळं कार्ड वर करायचं. त्याला नाव दिलं ‘आक्षेप’. सूत्रसंचालक म्हणाला, “आमच्या टीमनं खूप विचार करून ही कल्पना काढलीय.” संजीवनी तेव्हा भाकरी थापत होती. हातातली भाकरी तशीच राहिली आणि तव्यावरची करपली.

दर वर्षी बदल्यांचे दिवस आले की ती फॉर्म उघडायची आणि पहिल्या पसंतीला संग्रामपूर टाकायची. मेहकर हे जिल्ह्याच्या एका टोकाला, संग्रामपूर पार दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मुख्याध्यापक हसायचे. “मॅडम, लोकं संग्रामपूर टळावं म्हणून धडपडतेत, अन् तुमी मागून घेता?” शेवटच्या तारखेआधी ती फॉर्म मागं घ्यायची. एकदा मुलीची, योगिनीची दहावी होती. एकदा बारावी. एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. यंदा योगिनी नागपूरच्या होस्टेलवर होती, सासूबाईंना लांबचं स्वच्छ दिसत होतं, आणि फॉर्म भरलेला होता. मागं घ्यायची मुदत उद्या संपत होती.

आणि आज रविवारी दुपारी ‘अर्धं मिनिट’वाले दारात होते.

कार्यक्रमाला पंचवीस वर्षं झाली म्हणून विशेष भाग निघणार होता. त्यात गेल्या पंचवीस वर्षांतले लक्षात राहिलेले क्षण: दिवे गेले तेव्हा मोबाइलच्या उजेडात पूर्ण केलेली फेरी, घंटी अडकून पाव तास वाजत राहिली तो दिवस, बक्षीस न घेता जेवायला काय आहे असं विचारणारे आजोबा. तिसऱ्या क्रमांकावर संजीवनी. पहिल्या क्रमांकावर पिवळं कार्ड. वाहिनीचा फोन राजकुमारला आला होता आणि त्यानं तिला न विचारता हो म्हटलं होतं.

“यायले चहा टाक,” तो नवा शर्ट सारखा करत म्हणाला. “अन् ती निळी साडी नेस, टीव्हीत उठून दिसते.”

“मी आहे तशीच बरी आहे,” ती म्हणाली.

कार्यक्रम करणारी मुलगी पंचविशीची होती, पुष्पांजली नावाची. बोलायला नम्र, कामाला चटपटीत. तिनं समोरच्या खोलीत कॅमेरा लावून घेतला, संजीवनीला खुर्चीवर बसवलं, शेजारी राजकुमारला. सासूबाई, मनकर्णाबाई, दाराशी पाट घेऊन बसल्या. टीव्हीचं काम घरात बसून पाहायला मिळतंय म्हणून खूश होत्या.

“सोपं आहे, मॅडम,” पुष्पांजली म्हणाली. “आम्ही लॅपटॉपवर जुना क्षण दाखवू. तुम्ही हसायचं आणि कॅमेऱ्याकडे बघून एकदा म्हणायचं, मले माहीत नाही. मग सर दुकानाबद्दल बोलतील.”

“वडनेर भोलजीले दुसरी शाखा काढून राह्यलो,” राजकुमार लगेच म्हणाला. “पाटी तयार आहे. हेच नाव. ते बी दाखवा जमलं तर.”

संजीवनीनं त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या पाटीचं तिला आत्ताच कळत होतं.

कॅमेरा सुरू झाला. लॅपटॉपवर ती बारा वर्षांनी लहान असलेली बाई उभी राहिली.

“थांबवा,” संजीवनी म्हणाली. “घड्याळ पाहा. किती?”

पुष्पांजली वाकली. “एकवीस.”

“आता एक चित्र पुढं घ्या.”

पुष्पांजलीनं बटण दाबलं. मग मागं जाऊन पुन्हा दाबलं. तिच्या कपाळाला आठी पडली. “तेरा. इथं कापलंय.”

“सात सेकंद. त्यात माझं वाक्य होतं. शेवटचे तीन शब्द फक्त ठेवले.” आणि बारा वर्षांत पहिल्यांदा संजीवनीनं ते वाक्य पूर्ण म्हटलं, त्याच आवाजात, त्याच बोलीत.

पुष्पांजली हळूच म्हणाली, “मॅडम, मूळ टेप आता नाही. तेव्हा पुसून परत वापरायचे. माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण वरच्यांना माझा विश्वास चालणार नाही.” मग ती राजकुमारकडे वळली. “सर, तुम्ही तिथं होतात ना? दुसऱ्या रांगेत दिसता तुम्ही. तुम्ही कॅमेऱ्यासमोर सांगितलंत की त्या एवढं बोलल्या होत्या, तर मी हा क्षण तसाच्या तसा दाखवू देणार नाही. खरं काय ते दाखवायला लावीन. भांडेन त्यासाठी.”

संजीवनीनं हात मांडीवर ठेवले. तिनं त्याला काही विचारलं नव्हतं. विचारलं होतं तिऱ्हाईतानं. तिच्या मनासारखी अट पूर्ण झाली होती. ती थांबली.

राजकुमारनं घसा साफ केला. कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग दाराबाहेर, जिथं नवी पाटी कागदात गुंडाळून भिंतीला टेकवलेली होती.

“जुनी गोष्ट आहे,” तो म्हणाला. “कोणाले आठवते एवढं? मॅडम घाबरल्या होत्या, खरं सांगायचं तं. दिवे, कॅमेरे, एवढाले लोकं. मले माहीत नाही, एवढंच म्हणल्या. बाकी मले तं काही ऐकू नाही आलं.” आणि हसला. अगदी तेच हसू. ते गोंधळाचं कधीच नव्हतं, हे तिला आता दिसलं.

“असं काऊन म्हणतं रे?” दाराशी बसलेल्या मनकर्णाबाई म्हणाल्या.

“माय, तू चूप बस.”

“चूप काऊन बसू? मुंबईहून आल्या आल्या तूच सांगतलं ना मले, ओसरीत बसून. संजी म्हणे दोन्ही बरोबर आहेत, तुमाले कोनतं पाह्यजे ते सांगा, अन् त्या टीव्हीवाल्याची बोलती बंद. किती हासला होता तू! म्हणे, माय, आपली बायको लई हुशार आहे, पण बोलू नको कोणाजवळ.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. “मले वाटलं, तुले माहीत आहे. तुमी दोघं मिळून गंमत करता, असं वाटलं मले. एवढी वर्षं.”

राजकुमारचा चेहरा लाल झाला. “तिले बारीक गोष्टीचं फार आहे,” तो पुष्पांजलीला म्हणाला, जणू काही संजीवनी तिथं नव्हतीच. “म्हातारीचं काय घेऊन बसता? कॅमेरा बंद करा. घरचं आहे हे.”

“बंद करू नका,” संजीवनी म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. ती तीच शिक्षिका होती जिनं मागच्या बाकावरून स्वतःचा आवाज ऐकत फळ्यावर समीकरणं पूर्ण केली होती.

“मले वाटत होतं तुमी विसरला असाल,” ती नवऱ्याला म्हणाली. “किंवा तुमाले ऐकूच नसंल आलं. बारा वर्षं मी तुमच्यासाठी कारणं शोधत राह्यली. वर्गात पोट्टे हासले, मी म्हटलं पोट्टेच आहेत. योगिनीले शाळेत ‘माहीत नाहीची पोरगी’ म्हणत, तिनं एकदा डबाच उघडला नाही दिवसभर, तरी मी म्हटलं, लोकं आहेत, विसरतील. अन् तुमाले पहिल्या दिवसापासून माहीत होतं! तुमच्या मायले माहीत होतं! या घरात एकटी मीच होती जिले माहीत नव्हतं.”

“संजीवनी, लोकाईच्या समोर...”

“लोकाईच्या समोरच झालं ना सगळं?”

तो उठला. “आता काय पाटी उतरवू? एवढ्यासाठी दुकान बुडवू? वडनेरवाली बी फेकून देऊ, सांग!”

“पाटी तुमची आहे. ठेवा. आवाज माझा आहे, तो आता मिळणार नाही.” ती पुष्पांजलीकडे वळली. “बाई, तुमच्या परवानगीच्या कागदावर मी सही करणार नाही. जुनं दाखवायचा हक्क तुमच्याकडे असेल तर दाखवा, पण खाली घड्याळही दिसू द्या.”

पुष्पांजलीनं होकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, संजीवनीच्या नव्हतं.

“ते ऐकलं त्यायनं,” राजकुमार चिडून म्हणाला. “झालं तुझं? राग निघाला? आता संध्याकाळच्या सैपाकाचं पाहा, यायले जेवू घालून पाठवू.”

मनकर्णाबाई पाटावरून उठल्या आणि सुनेच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. संजीवनीनं टेबलावरचा फोन उचलला. त्यात बदलीचा फॉर्म उघडाच होता. सकाळपासून तिनं तो तीनदा पाहिला होता. फॉर्मच्या खाली ‘माघार’ असं लिहिलेलं लहान बटण होतं. तिनं फोन पालथा घालून ठेवला.

“उद्या मुदत संपते,” ती म्हणाली. “या वेळी मी फॉर्म मागं घेणार नाही. मी संग्रामपूरले चालली. एकटी.”