दोनदा गाळलेलं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मासेटाकी आहे, आणि माझा राग अजून शांत झालेला नाही. माझा जन्मच मुळी झटापटीत झाला. कारागिरानं हिरकणीनं काच चिरली, कडा खरवडल्या आणि पाच तुकडे एकमेकांना चिकटवून जखडून टाकले. ते दुखणं मी केव्हाच विसरले. गेल्या भाद्रपदातलं मात्र विसरता येत नाही.

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका जैन घरात मी नऊ वर्षं आहे. इथं मुंगीलासुद्धा फुंकर घालून बाजूला करतात. पिण्याचं पाणी फडक्यानं गाळतात आणि फडक्यावरचे जीव जपून पुन्हा पाण्यात सोडतात. सहावीतली प्रियदर्शनी माझ्यातल्या सातही सोनेरी माशांना नावानं हाक मारायची. आलेगेले पाहुणे माझं तोंडभरून कौतुक करायचे. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू?

पर्युषण तोंडावर आलं. प्रियदर्शनीच्या आईनं, भाग्यश्रीवहिनींनी, माझं सगळं जुनं पाणी मोरीत ओतलं, मला घासून लख्ख केलं आणि नळाचं ताजं पाणी दोनदा गाळून भरलं. "सणाला ह्यांनापण चोख पाणी मिळूदे की!" म्हणत त्यांनी मासे आत सोडले.

पाण्यातल्या क्लोरीननं त्यांचे कल्ले भाजायला लागले. मासे वेड्यासारखे काचेवर डोकी आपटू लागले. खवले उडाले, परांत रक्त उतरलं. एकानं वर उसळी घेतली, झाकणावर आदळला आणि पोट वर करून पडला. मला हात नाहीत, ओरडायला तोंड नाही. मी त्या सातांना त्या विषात नुसती कोंडून उभी राहिले. माझी मलाच घृणा वाटली.

वहिनी घाबरल्या. "पाणी अजून घाण हाय वाटतं!" असं म्हणून त्यांनी आणखी एक घागर गाळून माझ्यात ओतली. त्यासरशी आणखी तीन मेले.

एवढ्यात प्रियदर्शनी शाळेतून आली. आत डोकावताच ती तशीच पळत सुटली आणि कोपऱ्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्या केरबाला ओढून घेऊन आली.

"वैनी, थांबा!" केरबा ओरडला. "फडक्यानं किडं अडत्यात, क्लोरीन न्हाय! पावसाळ्यात तर नळाला जास्तच असतंय. आणि समदं पाणी एकदम बदलत्यात व्हय?"

त्यानं घाईघाईनं क्लोरीन मारणारं औषध टाकलं. तोवर सहा गेले होते.

प्रियदर्शनी रडली नाही. "आई, तू मुंगीवर पाय देत न्हाईस. मग ह्यांना का मारलंस?"

त्या दिवशी वहिनी जेवल्या नाहीत.

मित्रांनो, नळाचं पाणी माणसांसाठी शुद्ध केलेलं असतं. माशांना देताना त्यात क्लोरीन मारणारं औषध मापानं घाला. पाणी थोडा वेळ ठेवून टाकीतल्या पाण्याच्या तापमानाला येऊ द्या, आणि एका वेळी चौथा हिस्साच बदला. जीव पाळायचा तर आधी माहीतगाराला विचारा, त्यात कमीपणा कसला?

वहिनी आता हे सगळं न चुकता करतात. माझ्यात एकच मासा उरला आहे. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आल्या, की तो तळाशी जाऊन लपतो.