सोन्याआडची हिरवी भट्टी

बाबांना पॅकिंगमध्ये टाकणार, ही बातमी बाबांनी स्वतःच जेवताना सांगितली आणि सांगून झाल्यावर ताट असं बाजूला सारलं, जणू बदलीचा हुकूम ताटानेच काढला होता. पस्तीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिलेला हा माणूस. भोकातून आत डोकवायचं, तीनपर्यंत आकडे मोजायचे, तोंड फिरवायचं आणि आगीच्या रंगावरून सांगायचं, "झाली काच, काढा." त्यांचं कधी चुकलं नाही, निदान त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार तरी. पण धगीने एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, ऑपरेशन झालं आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पुन्हा आगीत डोकावलात तर दुसराही डोळा जाईल." मालक भला माणूस. म्हणाला, सोमवारपासून पॅकिंग बघा.

"पेल्यांना कागद गुंडाळू? मी?" बाबा म्हणाले. "त्यापेक्षा मलाच गुंडाळा!"

मुलीला आधी हसू आलं, मग रडू आलं आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी एकदम सुचलं. ती एका प्रयोगशाळेत काचांना मुलामा द्यायची. हवा काढून घेतलेल्या पात्रात सोन्याची तार तापवली, की सोन्याची वाफ होते आणि वर टांगलेल्या काचेवर जाऊन बसते. थर किती? तर केसाच्या जाडीचे तीन हजार भाग करा, त्यातला एक. इतक्या पातळ सोन्यातून आरपार दिसतं, धग मात्र आल्या पावली परत जाते.

"बाबा, तुमच्या टोपीला मी सोन्याची काच लावून देते! उजेड येईल, धग येणार नाही!"

"सोन्यातून दिसतं म्हणे," बाबा म्हणाले. "आणि भिंतीला ऐकूही येतं का गं?"

पण हे म्हणताना त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं, हे तिने पाहिलं. झालं, पोरीच्या अंगात वारं शिरलं. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंकडून उरलेल्या तारेचा तुकडा मागून घेतला आणि त्या आनंदात तार जरा जास्तच वेळ तापत ठेवली. थर जाड बसला. बाबांनी काच डोळ्यांसमोर धरली तर त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "दाढीला होईल."

दुसऱ्या खेपेला सोनं अगदी बेताचं बसलं. तिने ती काच घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली आणि सकाळी उठून पाहते तो काय, आई हात पुसत उभी.

"केवढा हिरवट डाग पडला होता गं काचेला! घासून घासून काढला. बघ कशी लख्ख झालीय."

मुलगी जमिनीवर बसून पोट धरधरून हसली. हसता हसता स्वतःच्या नावाने कपाळही बडवून घेतलं. सोनं काचेला धरून राहत नाही, आधी खाली क्रोम धातूचा पातळ हात द्यायचा आणि वरून दुसरी काच बसवायची, हे नवशिक्याला पहिल्या दिवशी शिकवतात. पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! आईचं काहीच चुकलं नव्हतं. आई डाग कसा ठेवेल?

तिसरी काच रविवारी झाली. क्रोम, सोनं, वर दुसरी काच, सगळं रीतसर. सोमवारी सकाळी ती बाबांबरोबर कारखान्यात गेली. मालकाने एका पाळीपुरती संधी द्यायचं कबूल केलं होतं. काच नीट निघाली तर भट्टी, नाहीतर पॅकिंग.

बाबांनी टोपी चढवली, काच खाली ओढली आणि भोकापाशी वाकले.

"धग लागतेय?" तिने विचारलं.

"छे! सावलीत उभा असल्यासारखं वाटतंय." मग ते थबकले. "पण ही भट्टी हिरवी का दिसतेय?"

सोनं तांबडा-पिवळा उजेड परत फिरवतं आणि हिरवा तेवढा आत सोडतं. हे तिला तोंडपाठ होतं. आणि बाबांची सगळी विद्या तांबड्या-पिवळ्यात होती! डोळा वाचवला आणि त्याची अक्कलच काढून घेतली.

"असू द्या हो," मालक हळूच म्हणाला. "पॅकिंगमध्ये पंखा आहे."

बाबा ऐकतच नव्हते. तीन आकडे होऊन गेले, तीस होऊन गेले, तोंड फिरवायची गरजच पडेना.

"बुडबुडे!" ते एकदम ओरडले. "अहो, आत बुडबुडे आहेत! तळातून वर येताहेत. हा एक आला, हे दोन बारके... एवढी वर्षं डोळे दिपायचे, दिसलेच नाहीत कधी!"

"भट्टीवरचा तापमानाचा मीटर म्हणतोय काच झाली," मालक म्हणाला. "काढायची?"

"थांबा."

"रंगावरून सांगताय?"

"रंग गेला खड्ड्यात! बुडबुडे संपू द्या."

पाळीतले सगळे कारागीर फुंकनळ्या हातात घेऊन वीस मिनिटं ताटकळले. मुलगी नखं खात होती. मग बाबा म्हणाले, "आता."

पहिला पेला थंड होऊन आला, तो मालकाने उजेडात धरला, फिरवला, उलटा करून पुन्हा फिरवला. बुडबुडा औषधालाही नव्हता. मालकाने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "पॅकिंगला मी दुसरा माणूस बघतो."

मुलीने अशी किंकाळी फोडली की दोघा कारागिरांच्या नळ्या हातून निसटता निसटता राहिल्या. ती धावत बाबांकडे गेली. बाबा पुन्हा भोकापाशी वाकलेले होते.

"बाबा, राहिलात तुम्ही भट्टीवर! ऐकलंत का?"

"ऐकलं." ते वळले नाहीत. "पस्तीस वर्षं हिच्यापुढे उभा होतो गं, आणि धड बघितली आज."

मग त्यांनी टोपी काढली आणि स्वतःच्या हातांनी लेकीच्या डोक्यावर चढवली.

"बघ," ते म्हणाले. "आणि आटप लवकर, मला परत हवीय."