गोमतीबाईच्या हातातली काठी

मित्रांनो, मी एक जुनी वेळूची काठी आहे. रिसोडच्या बाजूला एका टेकडीवर बंजाऱ्यांचा तांडा आहे. तिथल्या एका झोपडीत, छपराच्या खाली, मला आडवी बांधून ठेवले आहे. माझ्यावर लुगडी आणि घोंगड्या वाळत असतात. मधोमध मला एक लांब चीर गेली आहे आणि तिच्यावर तार गुंडाळली आहे. आज मला पाहून कोणाला खरे वाटणार नाही, पण एके काळी मी जमिनीपासून दोन पुरुष उंच हवेत चालत असे, आणि खाली जत्रेतली सारी माणसे माना वर करून बघत असत.

आणि मला उंचीची भयंकर भीती वाटत असे.

माझा जन्म पैनगंगेच्या काठी वेळूच्या एका बेटात झाला. तिथे वारा आला की आम्ही सगळ्या एकमेकींना टेकून उभ्या राहत असू. एक दिवस फुलचंद नावाचा डोंबारी आला. त्याने पुष्कळ वेळू हाताने दाबून पाहिले आणि मला तोडले. मग त्याने जाळावर धरून माझा बाक काढला. त्या जाळाने मी पहिल्यांदा घाबरले. नंतर त्याने मला करडीचे तेल चोळले, दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या ठोकल्या आणि आपल्या बायकोच्या हातात दिले.

ती गोमतीबाई. दोरावर चालणे हाच तिचा धंदा होता. तिच्या आईचाही तोच होता. जमिनीत दोन-दोन बांबू फुलीसारखे बांधून दोन कैच्या उभ्या करायच्या, त्यांच्यामध्ये जाड दोर ताणायचा, फुलचंदने खाली ढोलकी वाजवायची आणि गोमतीबाईने मला दोन्ही हातांत आडवी धरून वरून चालायचे. डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन ती चाले. पायाखाली पितळेची परात घेऊन दोरावरून सरकत जाई. वाशीमच्या जत्रेत, रिसोडच्या बाजारात, इंझोरीत, सगळीकडे तिचे नाव झाले होते. ती येणार म्हटले की लांबलांबची माणसे गाड्या जुंपून येत. लोक म्हणत, "हिच्या काळजात भेव नाई."

मला मात्र ठाऊक होते. पहिले पाऊल दोरावर पडले की तिच्या तळव्यांना घाम सुटे. तो माझ्या अंगावर ओला ओला लागे. ती घाबरे आणि मी घाबरे, आणि दोघी मिळून पलीकडे जात असू.

नाव झाले तरी डोंबाऱ्यांना गावात राहू देत नसत. आमचे पाल नेहमी गावाबाहेर, तांड्याच्या उतारावर पडे. तांड्यातल्या धरमसिंगची बायको रुपाबाई हिची आणि गोमतीबाईची तिथेच ओळख झाली. एका हिवाळ्यात गोमतीबाईला थंडीताप आला. ती शुद्धीवर नव्हती. रुपाबाईने तिला आपल्या झोपडीत नेले, आपल्या गोधडीत निजवले आणि ती बरी होईपर्यंत पेज पाजली. तेव्हापासून त्या दोघी एकमेकींना बहीण मानत.

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगायची, तो दिवस आठवला की अजून माझ्या चिरेत कळ येते.

इंग्रजांचा अंमल होता. तांड्याच्या खाली जे गाव होते, त्या गावची जत्रा होती. गावचे पाटील दौलतराव यांनी स्वतः निरोप धाडून गोमतीबाईला खेळासाठी बोलावले होते. पण जत्रेच्या आदल्या दिवशी दौलतरावांची बैलजोडी नाहीशी झाली. शोध कोणी घेतला नाही. तांड्यावर माणसे गेली आणि धरमसिंगला व त्याचा धाकटा भाऊ लालसिंग याला धरून घेऊन आली.

सकाळी रुपाबाई आमच्या पालापाशी आली. तिच्या ओढणीचे टोक जमिनीवरून लोळत होते आणि तिला त्याचे भान नव्हते.

"गोमते, त्याइले कोठ्यात कोंडलं," ती म्हणाली. "तुहा खेळ झाला का गाडीच्या चाकाले बांधून मारतीन म्हनते. साऱ्या जत्रेसमोर."

"चोरी त्याइनं केली काय?" फुलचंदने विचारले.

"दोघंबी माह्यासंगं कडबा बांधून राह्यले होते. पन मले कोन इचारते? मांगच्या वर्सी पल्याडच्या तांड्यातल्या मानसाले असंच चाकाले बांधलं होतं. तो मंग उठलाच नाई."

फुलचंद ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला. मग हळूच बायकोला म्हणाला, "आपुन पोटासाठी फिरनारे लोक. आज तांड्याचं नाव घेतलं, उद्या आपलं घेतीन. गुमान खेळ करू अन् निंघून जाऊ."

त्याचे बोलणे खोटे नव्हते. कुठे कोंबडी गेली तरी पहिल्यांदा आमच्याच पालाची झडती होत असे. गोमतीबाईने मला उचलले आणि ती फडक्याने पुसू लागली. मी कोरडी होते, तरी ती पुसतच राहिली.

"दोर नीट बांधजो," ती शेवटी नवऱ्याला म्हणाली. "आज जरा जास्त येळ उभं राहा लागन."

दुपारी खेळ सुरू झाला. पुढे बाजेवर दौलतराव बसले होते. मागे गावोगावची माणसे, बायका, पोरे. बाजूला झाडाखाली एक रिकामी गाडी उभी होती आणि तिच्या चाकावर कोणीतरी कासरा टाकून ठेवला होता. वर चढताना गोमतीबाईने तो पाहिला. माझ्यावरची तिची पकड इतकी घट्ट झाली की मी मोडते की काय असे मला वाटले.

ती दोराच्या मधोमध आली आणि थांबली.

"ढोलकी थांबव," ती म्हणाली.

फुलचंदचा हात थांबला. खालचा गलबला हळूहळू कमी झाला. लोकांना वाटले, आता काहीतरी नवीन खेळ दाखवणार.

"बाप्पाहो," ती म्हणाली, "माहा खेळ तुमी लय वर्सं पाह्यला. आज माही एक गोष्ट आयका. धरमसिंग अन् लालसिंग कोठ्यात कोंडून हायेत. त्याइनं बैल नेताना कोनी पाह्यलं असन तं त्यानं सांगावं."

कोणीच काही बोलले नाही. दौलतराव बाजेवरून उठले.

"ए बाई, तुले खेळाले बोलावलं, पंचायत कराले नाई. चाल, पुढं हो."

"पुढं नाई अन् मांगंबी नाई, पाटील. त्याइले वाशीमले न्या. कोर्टात उभं करा. चोर असतीन तं साहेब सजा देईन. अठी चाकाले बांधू नका."

"अन् नाई नेलं तं?"

"तं मी अठीच हाय. पाय थकले का पडन. कोनाच्या गावात पडली, ते सारी जत्रा पाह्यन."

मित्रांनो, दोरावर चालणे सोपे आणि उभे राहणे अवघड असते. चालताना तोल पुढे सरकत असतो. उभे राहिले की तो सापडत नाही. तिच्या तळव्यांचा घाम माझ्यावरून खाली ठिबकू लागला. मी डावीकडे कलत होते, उजवीकडे कलत होते, आणि मनात एकच म्हणत होते की बाई, पुढे चल, दोघी वाचू.

खाली आरडाओरडा सुरू झाला. "चोराची बाजू घेऊन राह्यली," कोणी म्हणाले. एक ढेकूळ आले आणि माझ्या टोकावर फुटले. मी गर्रकन फिरले. गोमतीबाईचा एक पाय दोरावरून सुटला. साऱ्या जत्रेतून एक चीत्कार उठला. तिने गुडघा वाकवला, मला खाली दाबले आणि पुन्हा पाय ठेवला. तिचे दात एकमेकांवर वाजत होते. ते फक्त मला ऐकू येत होते.

तेवढ्यात पाटलांच्या एका गड्याने कैचीला हात घातला आणि दोर हलवला. फुलचंद ढोलकी टाकून धावला. सकाळी गुमान निघून जाऊ म्हणणारा तो माणूस कैचीला मिठी मारून उभा राहिला. गड्याने त्याच्या पाठीत लाथ घातली, तरी त्याने बांबू सोडला नाही.

तेव्हा बायकांमधून तुळसाबाई पुढे आली. ती त्याच गावातली शेतकरीण, वयाने मोठी, कधी कोणाच्या वाटेला न जाणारी.

"हात काढ रे तो," ती गड्याला म्हणाली. "बाई पडन. तिचं हाड मोडलं तं तू बसवशीन काय?"

आणि ती सरळ कैचीच्या बुडाशी मातीत बसली. तिने दोन्ही हातांनी बांबू धरला. मग दुसरी एक बाई येऊन बसली. मग आणखी काही. दुसऱ्या कैचीपाशीही बायका जाऊन बसल्या. गडी पाटलांच्या तोंडाकडे बघत मागे सरला.

रिसोडकडून आलेले नानाजी नावाचे म्हातारे शेतकरी होते. ते दौलतरावांपाशी जाऊन हळू आवाजात म्हणाले, "पाटील, वाशीमले जाऊ द्या. माही गाडी हाय. मी नेतो. एवढ्या गावचे लोक पाहून राह्यले."

दौलतरावांचे मन पालटले असे मी म्हणणार नाही. त्यांनी चारी बाजूंना पाहिले. एवढ्या माणसांपुढे एक बाई पाटलाच्या हट्टापायी पडून मेली तर काय, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

"सकाळी नेऊ," ते म्हणाले.

"आत्ताच, पाटील," गोमतीबाई वरून म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मले अठून गाडी दिसली पायजे."

कोठा उघडला. दोघे भाऊ बाहेर आले. लालसिंगला नीट चालता येत नव्हते. नानाजींच्या गाडीत त्यांना बसवले, गावचा कोतवाल बरोबर बसला, आणि रुपाबाई चाकाला हात लावून गाडीबरोबर चालू लागली. गाडी वाशीमच्या वाटेला लागली. ती पळसांच्या मागे दिसेनाशी होईपर्यंत गोमतीबाई दोरावर उभी राहिली.

मग तिने पाऊल उचलले. पण पाय तिचा राहिला नव्हता. कैची जवळ दिसत असतानाच तो सुटला, आणि आम्ही दोघी खाली आलो. मी आधी आपटले. माझ्या अंगातून कडाड आवाज झाला. तिच्या मांडीतूनही तसाच आवाज आला.

बायकांनी तिला उचलून तांड्यावर नेले. हाड बसले, पण वाकडे बसले. गोमतीबाई पुन्हा कधी दोरावर चढली नाही. दौलतरावांनी त्या गावात पुन्हा आमचे पाल पडू दिले नाही. फुलचंदने ढोलकी टांगून ठेवली आणि तो टोपल्या विणू लागला. मी कामाची उरले नव्हते, म्हणून जाताना त्यांनी मला रुपाबाईपाशी ठेवले.

वाशीमच्या कोर्टाने पुरावा नाही म्हणून दोघा भावांना सोडून दिले. बैल कोणी नेले, ते कधीच कळले नाही. पण पुढच्या जत्रेत भांडे चोरल्याच्या संशयावरून एका परक्या माणसाला धरले, तेव्हा गर्दीतून कोणीतरी म्हणाले, "वाशीमले न्या." मग आणखी दोघे-चौघे तेच म्हणाले. दरवेळी लोक ऐकतात असे नाही. पण त्या जत्रेत गाडीच्या चाकाला माणूस बांधलेला नंतर कोणी पाहिला नाही.

मागच्या हिवाळ्यात गोमतीबाई लंगडत तांड्यावर आली होती. रुपाबाई म्हणाली, "तुही काठी घेऊन जाय वो." गोमतीबाईने माझ्या चिरेवरून बोट फिरवले. "राहू दे," ती म्हणाली. "अठी तिच्यावर लेकरायचे कपडे वाळतात." आणि दोघी बाहेर उन्हात जाऊन बसल्या.

मित्रांनो, मला तेल लावा किंवा लावू नका. मला भुंगा लागला आहे, फार दिवस काढणार नाही. माझी विनंती दुसरीच आहे. तांड्यावर अजून भीती आहे. खालच्या वाटेने पाटलाच्या माणसांच्या घोड्याच्या टापा वाजल्या की इथली माणसे बोलता बोलता गप्प होतात. तुमच्या गावात कोणाला चोर म्हणून धरून आणले, तर एवढेच विचारा की पाहिले कोणी? विचारताना तुमचा आवाज कापेल. कापू द्या, पण विचारा.