बासष्टपैकी अठरा

माझी वहिनी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त काढते, तपासते. हात इतका हलका, की आकांडतांडव करणारी पोरंही तिच्यापुढे निमूट दंड पुढे करतात. बारा वर्षं तिथे काढल्यावर विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा तिचा अर्ज पहिल्याच चाळणीत बाद झाला. पदवी नव्हती. विज्ञान शाखेची दोन वर्षं तिने दुसऱ्या शहरात केली होती. मग दादाची बदली, मग जुळी मुलं, आणि तिसरं वर्ष राहूनच गेलं.

"आता चाळिशीत पहिल्यापासून शिकणार?" दादाने विचारलं.

"पहिल्यापासून कशाला? ती दोन वर्षं काय मी झोपा काढल्या?" वहिनी म्हणाली, आणि जुनी गुणपत्रकं घेऊन इथल्या कॉलेजात अर्ज करून आली.

पदवीला एकशेवीस क्रेडिट्स लागतात. तिची बासष्ट होती. महिन्याने पत्र आलं : मान्य, अठरा. भाषा आणि सामान्य ज्ञानाचे विषय तेवढे धरले होते. बाकी सगळ्यांपुढे एकच शेरा, 'अभ्यासक्रम जुळत नाही'.

माझा तर पाराच चढला. "चल, जाऊन चांगलं खडसावू त्यांना."

"खडसावशील गं. आधी काय जुळत नाही ते तरी बघू."

कॉलेजच्या मूल्यमापन विभागात एकच टेबल होतं आणि त्यामागे नाकाच्या शेंड्यावर चष्मा आलेले एक गृहस्थ. त्यांनी फाइल काढली. "बाई, नुसतं विषयाचं नाव बघून क्रेडिट देता येत नाही. काय शिकवलं, किती तास, प्रात्यक्षिकं कोणती, हे कागदावर हवं. तुमच्या जुन्या कॉलेजने काहीच पाठवलेलं नाही."

"मी मिळवून आणलं तर?"

"तर मी एकेक ओळ वाचेन."

जुन्या कॉलेजने ते कागद कधीच रद्दीत घातले होते. वहिनीने शोधत शोधत तिचे रसायनशास्त्राचे सर गाठले. ते निवृत्त झालेले, पण त्यांच्या कपाटात सगळ्या विषयांचे अभ्यासक्रम जसेच्या तसे होते. कॉलेजचा शिक्का हवा म्हटल्यावर सर गुडघेदुखी विसरून स्वतः जिने चढून गेले.

चष्मेवाल्या गृहस्थांनीही शब्द पाळला. आठवड्याने त्यांनीच फोन करून तिला बोलावून घेतलं. अठराची बेचाळीस झाली होती. आठ कायमची बाद झाली, आणि सूक्ष्मजीवशास्त्राची बारा अडली. तो विषय मधल्या काळात पार बदलला होता.

"अहो, ते काम मी रोज करते!"

"करत असणार. पण मी ते कशावर लिहू? वर्गात न बसता थेट परीक्षा द्यायची सोय आहे नियमात. उत्तीर्ण झालात, तर क्रेडिट तुमचं. सहा वर्षांत कुणी अर्जच केलेला नाही."

वहिनीने तिथेच उभ्या उभ्या अर्ज भरला.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्राध्यापिकाबाईंनी पाच स्लाइड ओळखायला दिल्या. चार तिने झटपट सांगितल्या. पाचवीवर मात्र बराच वेळ खिळून राहिली.

"हिचा रंग उडालाय, मॅडम. हिच्यावरून मी काही सांगणार नाही."

"अंदाजाने सांगा."

"अंदाजाने रिपोर्ट देत नाही मी. पलीकडे कुणीतरी आजारी माणूस असतं. नमुना असेल तर नवीन करून देते."

बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग फ्रिजमधून नमुन्याची नळी काढून तिच्या हातात दिली. हे सगळं मला तिथल्या प्रयोगशाळा सहायक बाईंनी सांगितलं. वहिनी घरी येऊन एवढंच म्हणाली, "बरी गेली."

बाराच्या बारा मिळाली. उरलेल्या सहासष्टांसाठी तिने अडीच वर्षं कामावरून सुटल्यावर वर्गात काढली. संख्याशास्त्रात एकदा गटांगळी खाल्ली, तेव्हा जुळ्यांनी डोकं खाऊन खाऊन तिच्याकडून गणितं करून घेतली. मधल्या काळात ती जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं तिला, लपवलंही नाही. पण रुग्णालयाची नवी शाखा निघाली, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून तिचंच नाव लागलं.

परवा तिच्याकडे गेले, तर हाताखालच्या तिघीजणी थेट परीक्षेचे अर्ज भरत बसल्या होत्या. एकीने घाबरत विचारलं, "ताई, नापास झालो तर?"

"तर परत बसायचं," वहिनी म्हणाली. "सही खाली कर, इथे नाही."