परत ठेवलेलं पॅकेज

"परत ठेवलंय म्हणतंय ना? मग झालं की!" साहेबरावांनी खुर्चीमागून पडदा वाचला आणि टाळी वाजवली. "लावा त्या हिमांशूला फोन. बसला म्हणावं प्रोग्राम."

"नाही बसला, भाऊ," दमयंती म्हणाली.

"अवो, मी डोळ्यानं वाचतोय. 'पुढील पॅकेजेस परत ठेवली आहेत.' चांगलं शुद्ध मराठी आहे."

"शुद्ध आहे, पण चुकीचं आहे. परत ठेवली म्हणजे मागे ठेवली. घेतलीच नाहीत. ज्यानं इंग्रजीचं मराठी केलं, त्याला घाई असणार."

दारात फरशी पुसायचं फडकं पिळत बसलेल्या आशाबाई हसल्या. "लग्नातल्या आहेरावानी झालं म्हना. परत ठिवला म्हनलं तर घेतला का वापस केला, कुनाला कळावं?"

साहेबरावांना हसू आलं नाही. त्यांचं टँकरचं ऑफिस पैठण रोडवर, चितेगावच्या अलीकडे. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. शहर मात्र थांबायला तयार नाही. आधी इमारत उभी राहायची, लोक राहायला यायचे, पाइपलाइन काय ती मागून येईल तेव्हा येईल. तोवर टँकरसाठी फोन. तो फोन दमयंती घ्यायची. नाव, पत्ता, कुठला मजला, टाकी वर की खाली, सगळं कॉम्प्युटरवर टाइप करायची आणि ड्रायव्हर दारात आला की त्याला त्याची फेरी सांगायची. तिला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते कॉम्प्युटर तिला बोलून दाखवतो.

"दमयंतीबाई, मी काय म्हणतो," साहेबराव खुर्ची ओढून समोर बसले. त्यांचा आवाज खाली आला तेव्हाच तिला समजलं की आता खरं बोलणार. "जुना प्रोग्राम उद्या सकाळी बंद. पैसे भरून बसलोय मी. नवा तुमच्या मशीनवर चालला तर चालला. नायतर तोवर निशाला बसवतो इथं. तुम्ही घरी लेकराकडं बघा. तोवर."

निशा त्यांची भाची. शिकलेली, हुशार, डोळस. 'तोवर' हा शब्द दमयंतीनं आधी दोन नोकऱ्यांत ऐकला होता. त्याच्या पुढचं वाक्य कुणी कधी बोलत नाही.

"मला आजची दुपार द्या," ती म्हणाली.

"घ्या की. तुमचीच आहे," साहेबराव म्हणाले आणि बाहेर गेटवर गेले.

अडचण काय आहे, ते तिला ठाऊक होतं. नवा प्रोग्राम फोन आला की स्वतः वाजायचा, म्हणून त्याला आवाजाचं नवं पॅकेज, म्हणजे बोलणारं नवं सॉफ्टवेअर, हवं होतं. आणि तिच्या मशीनवर आवाजाचं जुनं पॅकेज मोतीराम सरांनी बांधून ठेवलं होतं.

मोतीराम सर कन्नड गावचे. त्यांनाही दिसत नव्हतं. शहरात एका खोलीत ते न दिसणाऱ्या मुलामुलींना कॉम्प्युटर शिकवत. चित्रांवर बोट दाखवून चालणारे प्रोग्राम आपल्यासाठी नाहीत, म्हणायचे. आपली ती काळी खिडकी. तिथे चित्र नाही, बटण नाही, नुसता शब्द. तुम्ही एक ओळ लिहा, मशीन एक ओळ उत्तर देईल. दोघं सारखेच आंधळे. सॉफ्टवेअर बसवायचं तर 'इन्स्टॉल' म्हणा, नवं करायचं तर 'अपग्रेड' म्हणा, नको असेल तर 'रिमूव्ह'. "आणि एखादी गोष्ट जशी आहे तशीच हवी असंल," सर म्हणायचे, "तर 'होल्ड'. खुंटीला बांधल्यासारखी. मग सगळं गाव नवं झालं तरी ती हलायची नाय."

कॉम्प्युटरचा मूळ आवाज मराठी वाचायचा, पण परक्या मुलखातून आल्यासारखा. 'गारखेडा' नीट म्हणता यायचं नाही, 'चिकलठाणा' तर त्याच्या घशातच अडकायचं. सरांनी शब्दाशब्दाला उच्चार लावून त्याला शिकवलं. शहरातल्या वस्त्या, आसपासची गावं, माणसांची नावं. दमयंतीला नोकरी लागली तेव्हा स्वतः एसटीनं येऊन त्यांनी ते तिच्या मशीनवर बसवलं आणि होल्ड करून दिलं. मागच्या दिवाळीत सर गेले. काविळीनं, चार दिवसांत. आवाज सरांचा नव्हता, यंत्राचाच होता. पण 'गारखेडा' म्हणताना त्यात सर असायचे.

तिनं हिमांशूला फोन लावला. हा नवा प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीतला मुलगा, पुण्याहून बोलायचा.

"ताई, सिंपल आहे. होल्ड काढा आणि अपग्रेड करा. दोन कमांड आहेत फक्त."

"आणि मध्येच आवाज गेला तर?"

"स्क्रीनवर दिसेल ना सगळं..." तो म्हणाला. "सॉरी ताई. जवळ कुणी वाचणारं आहे का?"

दमयंतीनं मान वळवली. "आशाबाई, वाचता ना तुम्ही?"

"म्या?" आशाबाईंच्या हातातलं फडकं थांबलं असावं, पाणी ठिबकायचा आवाज आला. "बसच्या पाट्या वाचते. पोरीच्या पुस्तकातलं वाचते. विंग्रजी नाय हां येत."

"मराठीच आहे. आणि इंग्रजी अक्षर आलं तर त्याचा आकार सांगा."

"मंग बसते. पर हासायचं नाय."

दमयंतीनं 'अनहोल्ड' लिहिलं. एंटरवर बोट ठेवलं आणि थोडा वेळ तसंच ठेवलं. मग दाबलं. आवाजानं स्वतःच सांगितलं की होल्ड काढलं आहे. कसलीही कुरकुर न करता सांगितलं. तिनं अपग्रेड सुरू केलं, पासवर्ड टाकला, पुढे जायचं का विचारल्यावर 'वाय' दाबलं. पॅकेजेस उतरत गेली. आवाज एकेकाचं नाव वाचत होता आणि एका नावाच्या मध्येच तुटला.

पंखा ऐकू येऊ लागला. रस्त्यावरचे ट्रक ऐकू येऊ लागले.

"मुकं झालं का हो?" आशाबाईंनी विचारलं.

"हो. आता तुम्ही बोला."

"थांबा, पळतंय लई... हां, थांबलं." त्या अक्षराला अक्षर जोडत वाचू लागल्या. "ही फा-ईल तुम्ही बद-लली आहे. पॅकेज-सोबत नवी फाईल आली आहे. काय करायचं? नवी घ्या, त्याच्याम्होरं दोन फांद्यांचं झाड हाय, खाली एक दांडी. सध्याची ठेवा, त्याच्याम्होरं दोन खांब आन् मधी तिरपी काठी."

"वाय आणि एन," दमयंती म्हणाली. सरांची शब्दांची फाइल. मशीन विचारत होतं, ही ठेवू की नवी घेऊ.

"काय दाबू म्हनतंय ते?"

"जुनी ठेवते," दमयंती म्हणाली आणि एन दाबलं.

आशाबाई म्हणाल्या, पुन्हा ओळी पळाल्या. संपल्या. आवाज आला नाही. तिनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तरीही नाही. बाहेर साहेबराव कुणावर तरी ओरडत होते. तिची चोळी ओली झाली होती. स्वरदाला पाजायची वेळ झाली की तिला घड्याळ लागत नसे. घरी नणंद नऊ महिन्यांच्या पोरीला पेजेचं पाणी चमच्यानं देत असेल आणि पोर चमचा चावत असेल.

हिमांशूनं फोनवर आशाबाईंकडून एक ओळ वाचून घेतली. त्यात दोनदा त्यांनी 'शब्दसूची'चं 'शब्दसुई' केलं आणि दोनदा स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. मग तो म्हणाला, "ताई, तुमची ती जुनी लिस्ट नव्या आवाजाला वाचताच येत नाहीये. ती घेऊन तो सुरूच होणार नाही. नवी घ्यावी लागेल."

"जुनी पुसली जाईल?"

"नाही नाही. मशीनवर राहील. नावापुढे 'ओल्ड' लागेल फक्त. कुणी वापरणार नाही एवढंच."

दमयंतीनं कीबोर्डवरून हात काढून घेतले. आशाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना फाइल काय ते माहीत नव्हतं, पण पाठ कळत होती.

"कुनाचं हाय ते?"

"आमच्या सरांचं."

"फेकायला तर नाय ना सांगत?"

"नाही. बाजूला ठेवायला सांगतोय."

"मंग ठिवा. म्हातारीची पैठणी आपन नेसतो का रोज? नाय नेसत. कापून पोतेरं पन नाय करत."

ऐकायला काही नसताना तिनं ओळ टाइप केली. आशाबाईंनी ती अक्षराक्षरानं तपासली, एक अक्षर चुकलेलं पकडलं. प्रश्न पुन्हा आला. या वेळी आकार विचारायची गरज नव्हती. दमयंतीनं वाय दाबलं.

बऱ्याच वेळानं खोलीत एक बाई बोलली. तरुण, स्वच्छ, कुठल्याच गावची नसलेली. तिनं नव्या प्रोग्रामचं नाव घेतलं आणि स्वागत केलं.

"अगं बया," आशाबाई म्हणाल्या. "मला समजलं की ती काय बोलली ते!"

तेव्हा दमयंतीच्या लक्षात आलं. जुना आवाज ती इतक्या वेगानं ऐकायची की इतरांना तो मधमाश्यांच्या गुणगुणीसारखा वाटे. साहेबराव त्याला भुंगा म्हणत. नव्या आवाजाला तो वेग लावला तर तिलाच एक शब्द कळेना. ती कमी करत करत खाली आली, पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला देतात तिथपर्यंत. आता कुणाचं नाव, कुणाचा मजला, सगळ्या खोलीला ऐकू जात होतं.

साहेबराव आले, ऐकून खूश झाले, "निशाला सांगतो येऊ नको म्हणून," म्हणाले आणि गेले. एवढंच म्हणाले. दमयंतीनं पदर सारखा केला.

पहिला फोन नव्या प्रोग्रामवर वाजला. तिनं पत्ता टाइप केला. पुंजाराम ड्रायव्हर दारात फेरीसाठी उभाच होता. बाईनं सावकाश, सुट्टं सुट्टं वाचलं, "उस्मान. अपुरा. तिसरा मजला."

पुंजाराम वळला. नेहमीसारखं त्यानं 'ताई, कुठं?' विचारलं नाही. पायऱ्या उतरताना त्याच्या चपला वाजल्या. मग थांबल्या.

"ताई," तो खालूनच ओरडला, "अपुरा म्हंजे? अर्धाच भरून न्यायचा का टँकर?"

"पूर्ण भरा, पुंजाराममामा," दमयंती म्हणाली. "उस्मानपुरा. टाकी गच्चीवर आहे, मोठा पाइप घ्या. आणि गल्लीत मागे घेताना डावीकडे उघडी नाली आहे."

"हां, मंग ठीक," तो म्हणाला. "तुमीच सांगत जावा बुवा."

टँकरचं इंजिन सुरू झालं आणि गेटबाहेर गेलं. दमयंतीनं इअरफोन शोधून एक कानात घातला, दुसरा कान फोनसाठी मोकळा ठेवला. तीच ओळ तिनं बाईला पुन्हा वाचायला लावली. उस्मान. अपुरा. पुन्हा एकदा. मग तिनं वेग एका पायरीनं वाढवला.